पॉवर प्रेसवर मेन्टेनन्स: या चुका टाळा

इमर्जन्सी स्टॉप दाबला, मोटर थांबली, की फिटर पाना घेऊन डायमध्ये (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात) हात घालतो. पण ते लाल बटण फक्त कंट्रोल सर्किट तोडतं. पॅनलला येणारे तिन्ही फेज जिवंतच असतात. मेन आयसोलेटर, म्हणजे मशीनची वीज तोडणारा मुख्य स्विच, पाडा आणि त्याला कुलूप घाला. नुसता 'काम चालू आहे' असा टॅग कुणाचा हात धरत नाही. चार जण काम करत असतील तर हॅस्पवर (एका स्विचला अनेक कुलपं लावायची कडी) चार कुलपं, ज्याची त्याची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. सगळ्या किल्ल्या सुपरवायझरकडे ठेवण्याची पद्धत म्हणजे शुद्ध दिखाऊपणा.

खरा धोका पुढेच आहे. मोटर बंद झाल्यावरही फ्लायव्हील, म्हणजे ताकद साठवणारं जड चाक, बराच वेळ फिरतं. तेवढ्यात क्लच लागला तर रॅम (वरची डाय धरून खाली-वर होणारा भाग) पूर्ण ताकदीनिशी खाली येतो. म्हणून चाक थांबलेलं डोळ्यांनी बघा, आवाजावर जाऊ नका.

मग मशीनमधली दाबाची हवा सोडायची घाई होते, आणि इथे क्रम चुकतो. वर थांबलेला रॅम ब्रेक आणि काउंटरबॅलन्स सिलिंडरमधल्या (रॅमचं वजन तोलणाऱ्या) हवेवर तोललेला असतो. हवा गेली आणि ब्रेकचं लायनिंग झिजलेलं असलं, तर रॅम घसरतो. आधी रॅमखाली सेफ्टी ब्लॉक, म्हणजे टेकू, लावा, मगच हवा सोडा. ब्लॉक रॅम आणि वरच्या डायचं वजन पेलणारा असला पाहिजे. लाकडी ठोकळा चालणार नाही. जमत असेल तर रॅम आधीच तळाला आणून ठेवा, निम्मी कटकट मिटते.

ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) असेल तर ४१५ व्होल्ट सप्लायवर त्याच्या कपॅसिटरमध्ये ५८० व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो. स्टिकरवर लिहिलेला वेळ थांबा आणि मीटरने मोजा. निऑन टेस्टरवर भरवसा नको. मीटर आधी चालू लाइनवर तपासा, मग इथे लावा, मग पुन्हा चालू लाइनवर. शेवटी स्टार्ट दाबून बघा, मशीन हलता कामा नये.

कुलूप लावूनही टर्मिनलवर व्होल्टेज दिसतंय? पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) यूपीएस, मशीनवरच्या दिव्याची वेगळी लाइन, शेजारच्या पॅनलमधून आलेली इंटरलॉकची (दोन मशीन एकमेकांना अडवणाऱ्या सर्किटची) वायर, हे शोधा. प्रत्येक सप्लायला वेगळं कुलूप लागतं.

कुलूप घालून माणूस घरी गेला तर लगेच कटर आणू नका. मशीनला कुलूप घालण्याबद्दलच्या अमेरिकेच्या १९८९ च्या नियमातला क्रम इथेही उपयोगी आहे: तो आवारात नाही याची खात्री करा, त्याला गाठायचा प्रयत्न करा, आणि कुलूप काढलंच तर तो कामाला लागण्याआधी त्याला सांगा.