पोळ्यानंतरचा ताप: घरी काय करायचं, दवाखान्यात कधी जायचं

पोळ्याच्या मागेपुढे विदर्भात तापाचे दिवस सुरू होतात आणि दिवाळीपर्यंत चालतात. धुऱ्यावर कमरेएवढं गवत, घरामागच्या टाक्यात साचलेलं पाणी, धानाच्या बांधीत चिखल. मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) हे चारही ताप याच दिवसांत असतात आणि पहिले दोन दिवस चौघांचं रूप सारखंच दिसतं: थंडी, डोकेदुखी, अंग मोडून येणं. म्हणून "व्हायरल असेल" म्हणत सुई लावून पुन्हा निंदायला जाणं फार महाग पडतं. सुईने ताप चार-सहा तास उतरतो, आजार मात्र आत वाढत राहतो. ताप एक दिवस घरी सांभाळला तरी चालेल, दुसऱ्या दिवशी रक्त तपासलंच पाहिजे.

आधी ताप मोजा. हात लावून "गरम आहे" म्हणणं कामाचं नाही. मेडिकलमधून डिजिटल थर्मामीटर आणून ठेवा. काखेतला घाम पुसा, टोक काखेत मधोमध धरा, हात अंगाशी दाबून ठेवा आणि शिट्टी वाजेपर्यंत काढू नका. 100.4 अंश फॅरेनहाइट किंवा जास्त आला तर ताप आहे. आकडा आणि वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्याच तारखेत लिहा: "सकाळी 8, 102.2". गोळी दिली असेल तर तीही लिहा. डॉक्टरांना "रोज येतो का, दिवसाआड येतो का, थंडी वाजून येतो का" हे कळायला हा कागद फार उपयोगी पडतो.

तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला 500 मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर. दारू पिणारे, काविळीचे रुग्ण आणि अगदी किडकिडीत माणसं यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. लेकराला वजनावरून द्या: किलोमागे 15 मिलिग्रॅम, दिवसभरात चारपेक्षा जास्त वेळा नाही. 10 किलोच्या लेकराला 150 मिलिग्रॅम लागतं. 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर 6 मिलिलिटर, 250 वालं असेल तर 3 मिलिलिटर. चूक इथेच होते: बाटली बदलते, पण माप तेच राहतं. बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचा आणि बुचासोबत आलेल्या मापानेच मोजा, घरच्या चमच्याने नाही.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन किंवा "अंगदुखीची चांगली गोळी" म्हणून मिळणारं मिश्रण स्वतःहून घेऊ नका. डेंग्यू असला तर यांनी रक्तस्राव वाढतो. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी रोजची अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर ती परस्पर बंद करू नका, तापाबद्दल त्यांना लगेच सांगा.

पाणी आणि पेज थांबवू नका. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकाच वेळी घालायची, अर्धी पुडी अर्ध्या तांब्यात नाही, आणि 24 तासांनी उरलेलं फेकायचं. पुडी नसेल तर 1 लिटर पाण्यात चहाच्या लहान चमच्याने 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर लेकराला अपाय होतो. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते पाणी फेकून नव्याने करा. दर सहा तासांनी लघवी होते का ते पाहा. रंग गडद असेल तर पाणी कमी पडतंय.

आता एक तपासणी, जी घरीच करायची आणि जी बहुतेक वेळा राहून जाते. स्क्रब टायफस गवतातल्या माइट नावाच्या अगदी बारीक किड्याची पिल्लं चावल्याने होतो. चावलेल्या जागी बऱ्याचदा काळा खपली आलेला डाग उठतो, विडीचा चटका दिल्यासारखा, भोवती लालसर कडा. तो दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्णाला स्वतःला कळतच नाही. चांगल्या उजेडात, घरातल्या विश्वासू माणसाने टॉर्च घेऊन पाहा: काखा, जांघा, कमरेला नाडीचा किंवा कासोट्याचा पट्टा, बेंबी, छातीखालची घडी, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत. बाईचं अंग घरातल्या बाईनेच पाहावं, पण लाजून टाळू नका. डाग सापडला तर पहिल्याच वाक्यात डॉक्टरांना सांगा. सापडला नाही म्हणून स्क्रब टायफस नाही असं मात्र समजू नका, अनेकांना डागच नसतो. वेळेवर डॉक्सिसायक्लिन सुरू झालं तर ताप बहुधा 48 तासांत उतरू लागतो. गर्भवतींना डॉक्टर दुसरं औषध देतात. टायफॉइडसाठी दिली जाणारी नेहमीची सुई या आजारावर चालत नाही. विडाल ही टायफॉइडची रक्ततपासणी जुन्या आजारामुळेही पॉझिटिव्ह येते, त्यामुळे नुसत्या विडालवर टायफॉइड ठरवून आठवडा घालवू नका.

दुसऱ्या दिवशी आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मलेरियाची किट-तपासणी करा. बोटाच्या एका थेंबात 15 ते 20 मिनिटांत उत्तर मिळतं. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात पहिल्याच दिवशी करा. मलेरिया निघाला नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन रक्तपेशींची आणि डेंग्यूची तपासणी करा. डेंग्यूसाठी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस1 नावाची तपासणी, त्यानंतर आयजीएम. ताप सुरू झाल्याची तारीख चुकीची सांगितली तर चुकीची तपासणी होते. शासकीय आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. खर्चाच्या धाकाने थांबू नका.

डेंग्यूमध्ये घोळ होतो तो ताप उतरल्यावर. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये अंग गार लागतं, घरच्यांना हायसं वाटतं आणि रुग्ण वावरात निघतो. पण शिरांतलं पाणी बाहेर झिरपण्याचा धोका नेमका त्याच दिवसांत असतो. ताप उतरल्यानंतर दोन दिवस पोटदुखी, उलट्या आणि लघवी यांवर लक्ष ठेवा.

पुढचं काहीही दिसलं तर रात्र आहे म्हणून थांबू नका, 108 ला फोन करा: पोटात सतत दुखणं, दिवसात तीनपेक्षा जास्त उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, धाप लागणं, झटका, बरळणं किंवा जागं करूनही न जागणं, सहा तास लघवी नाही, डोळे पिवळे, हातपाय गार. तीन महिन्यांच्या आतलं बाळ, गर्भवती आणि सिकलसेलचा रुग्ण यांना ताप आला की त्याच दिवशी दवाखाना. सिकलसेलचं कार्ड सोबत घ्या.

आणखी एक गोष्ट, कपाशीच्या गावांनी लक्षात ठेवायची. फवारणी करून आल्यावर मळमळ, घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ते तापाचं दुखणं समजू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने माणसं गेली. कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, उलटी करवू नका, औषधाचा डबा बंद करून पिशवीत घाला आणि ताबडतोब दवाखान्यात जा. डब्यावरचं नाव वाचूनच पुढचा उपचार ठरतो.

जाताना कॅलेंडरचं पान, आधी घेतलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, आधार आणि रेशनकार्ड घ्या. डॉक्टरांना सांगायचं: ताप कोणत्या तारखेला आला, गवतात काम केलं का, बांधीत उघड्या पायांनी होतो का, पोटऱ्या दुखतात का, डोळे लाल आहेत का (शेवटच्या दोन गोष्टी लेप्टोकडे बोट दाखवतात), आधी कुठे आणि कोणती सुई घेतली.

व्हायवॅक्स हा मलेरियाचा प्रकार निघाला तर प्रायमाक्विन ही गोळी 14 दिवस देतात. ती गर्भवतींना देत नाहीत. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या तर यकृतात दबून बसलेले जंतू काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात, म्हणून कॅलेंडरवर 14 चौकोन आखून रोज एक खोडा. मधेच लघवी चहासारखी काळपट झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.