सोलापुरी ताटात ज्वारी रोज कशी ठेवावी

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही सोलापुरातल्या पुष्कळ घरांत भाकरीची जागा पाव आणि बिस्किटे घेत आहेत, याची मला खंत वाटते. आरोग्यासाठी महागडी धान्ये शोधण्याआधी ज्वारीची भाकरी दिवसातून एकदा तरी ताटात परत आणावी, कारण १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तितकेच तंतुमय घटक असतात.

भाकरी नकोशी होण्याचे कारण बहुधा शिळे पीठ असते. महिन्याचे दळण एकदम आणू नये. आठ-दहा दिवस पुरेल इतकेच आणावे. पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे पीठ धरून ठेवणारा चिकटपणा, जाते, थापताना कडा चिरतात आणि चवही उतरते. ज्वारीत ग्लुटेन नसल्यामुळे तिच्या पिठाला गव्हाच्या कणकेसारखी चिकटाई येत नाही. म्हणून पीठ कढत पाण्यात भिजवावे, तळहाताने रगडून मळावे आणि गोळा ठेवून न देता लगेच थापावे. पीठ चाळले तरी कोंडा टाकू नये, कारण तंतू मुख्यतः त्यातच असतात. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र भाकरीतही पिष्ट असते हे ध्यानात ठेवून ती मोजूनच खावी.

सोबत मेथी, तांदुळजा किंवा चुका यांसारखी पालेभाजी असावी आणि तीवर लिंबू पिळावे; लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे भाजीतले लोह अंगी लागते. जेवणालगत घेतलेला चहा नेमके उलटे करतो, म्हणून तो तासभर पुढे ढकलावा. शेंगा चटणी पौष्टिक आहे. पण बुरशी लागलेले किंवा खवट शेंगदाणे निवडून टाकावेत, आणि चटणी करताना मिठाचा हात आखडता घ्यावा. दिवसभराचे सगळे मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराच्या, आत राहावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डाळिंबाचा रस काढण्यापेक्षा दाणे चावून खावेत.

चालण्यासाठी सिद्धेश्वर तलावाचा परिसर आहेच. आठवड्याला १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, झपझप चालावे. उन्हाळ्यात मात्र ऊन चढण्याआधी घरी परतावे.

पारा चाळिशी ओलांडतो त्या दिवसांत आंबील करावी. रात्री दोन चमचे ज्वारीचे पीठ वाटीभर ताकात कालवून झाकून ठेवावे. सकाळी तीन वाट्या पाण्यात ठेचलेला लसूण, जिरे आणि चिमूटभर मीठ घालून उकळी आणावी, त्यात ते आंबवण सोडावे आणि गुठळी होऊ न देता सात-आठ मिनिटे ढवळत शिजवावे. निवल्यावर आणखी थोडे ताक मिसळून उन्हात निघण्यापूर्वी प्यावी.