किती फॉर्म भरू, याआधी विचारायचा प्रश्न

सोलापुरात एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू.चा प्रकल्प हाती घेतलेली मुलं पहिल्याच भेटीत विचारतात, "सॅम्पल (नमुना) किती घेऊ?" शहराच्या पूर्व भागात, म्हणजे विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या तेलुगू भाषिक वस्तीत, बरीच वर्षं पाहण्या केल्यावर माझं मत पक्कं झालंय, की हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: यादी कुठून आणणार?

विडी कामगार महिलांचंच घ्या. कारखान्याच्या रजिस्टरवर नाव एकीचं असतं; घरात मात्र सासू, सून, कॉलेजातून आलेली मुलगी अशा तिघी मांडीवर सूप घेऊन वळत बसलेल्या दिसतात. तुमचा विषय 'नोंदणीकृत कामगारांना मिळणारे लाभ' असेल तर ते रजिस्टर उत्तम. 'विडी वळणाऱ्यांचं आरोग्य' असेल तर ते अपुरं, मग घरांची यादी करावी लागते. म्हणून आधी आपली समष्टी, म्हणजे ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा तो सगळा समूह, कोणती ते एका वाक्यात लिहा.

माल द्यायला आलेल्या बायकांना कारखान्याच्या दारात गाठून फॉर्म भरणं सगळ्यात सोपं. हा सोयीस्कर नमुना. पण आजारी बाई त्या दिवशी आलेलीच नसते, आणि तुम्ही आरोग्यावर लिहिताय! असे हजार फॉर्म भरले तरी ती बाई तुमच्या तक्त्यात येणार नाही. अमेरिकेत 1936 साली 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे 24 लाख उत्तरं गोळा केली आणि अध्यक्षपदासाठी लँडन जिंकतील असं छापलं. रूझवेल्ट प्रचंड मतांनी निवडून आले. यादी मुख्यतः फोन आणि मोटारी असणाऱ्यांची होती, शिवाय ज्यांनी उत्तर पाठवलं तेवढेच मोजले गेले.

आता संख्या. सगळ्यांच्या प्रबंधात दिसणारा 384 हा आकडा 95 टक्के विश्वास पातळी आणि 5 टक्के त्रुटी धरून येतो; म्हणजे अशा शंभर पाहण्या केल्या तर सुमारे 95 वेळा उत्तर खऱ्या आकड्याच्या 5 टक्के अलीकडे-पलीकडे पडेल. 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाखांच्या असलेल्या सोलापूर शहराला तो जवळपास तेवढाच लागतो आणि अख्ख्या महाराष्ट्रालाही तेवढाच. नवख्यांना हे पटायला वेळ लागतो. त्रुटी निम्मी करायची तर मात्र नमुना चौपट. आणि हे सगळं साध्या यादृच्छिक निवडीसाठी, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी असेल तेव्हा. वस्त्या निवडून त्यातली घरं घेतलीत, तर शेजारी शेजारी राहणाऱ्यांची परिस्थिती सारखी असल्यामुळे नमुना वाढवावा लागतो.

यंत्रमागावर पाहणी असेल तर स्तर पाडा: मागावरचे कामगार, कांडी भरणाऱ्या, टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या. लहान स्तरातून प्रमाणापेक्षा जास्त माणसं घ्यायला हरकत नाही, फक्त एकत्रित निष्कर्ष काढताना भार द्या, म्हणजे प्रत्येक स्तराचं उत्तर त्याच्या खऱ्या प्रमाणातच मोजा. कोणत्या स्तरातून किती घ्यायचे, यावर संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी 1934 मध्ये लिहिलं, आणि लंडनमध्ये त्यांच्या हाताखाली हाच प्रश्न पुढे नेला तो आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पां. वा. सुखात्मे यांनी. स्तरांचा विषय शिकवताना हे नाव मी आवर्जून सांगते.

दर दहावं घर घेणार असाल तर पहिलं घर 1 ते 10 मधून चिठ्ठी टाकून ठरवा. सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या विडी कामगारांच्या घरकुलांसारख्या ओळीतल्या वसाहतीत आणखी जपा. ओळीत नेमकी दहा घरं असतील आणि चिठ्ठीत पहिलाच आकडा निघाला, तर प्रत्येक वेळी कोपऱ्यावरचंच घर येईल, आणि कोपऱ्यावर बऱ्याचदा दुकान असतं.

भाषेचाही विचार करा. पूर्व भागात कितीतरी आजी फक्त तेलुगूत मोकळेपणाने बोलतात. सोबत तेलुगू येणारी मैत्रीण नसेल तर "नंतर या" असं ऐकू येतं आणि एक अख्खी पिढी नमुन्यातून गळते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो, संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. त्या दिवसांत बंद घरं मोजू नका.

एरवी दार बंद मिळालं तर शेजारच्या घरात शिरायचं नाही. रात्रपाळीचा माणूस दुपारी झोपलेला असतो, तेव्हा वेगळ्या वेळी पुन्हा जा. वहीत प्रत्येक निवडलेल्या घरापुढे भेट, नकार, बंद अशी नोंद ठेवा, आणि बदली घर घ्यायचंच असेल तर ते कसं निवडणार हे पाहणी सुरू होण्याआधी गाईडला दाखवून लिहून ठेवा.