२५५ अक्षरांचा मोह : पीपीआर विषाणूच्या उत्क्रांतीचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी

पशुवैद्यकाची पदवी घेऊन किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून शेळ्या-मेंढ्यांना होणाऱ्या पीपीआर या साथीच्या रोगाच्या विषाणूकडे वळणारे पुण्यातील विद्यार्थी मला बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो सॉफ्टवेअरचा. कोणते शिकावे, कुठे शिकावे, गणित कच्चे असेल तर जमेल का? जमेल. विषाणूंचे परस्परांशी नाते दाखवणारा वंशवृक्ष काढण्याचे तंत्र काही महिन्यांत हाताला बसते आणि त्यासाठी गणिताचे पंडित असावे लागत नाही. मात्र हाती आलेल्या माहितीवरून किती बोलावे, याचा अंदाज यायला फार वेळ लागतो, आणि मला तो सहजासहजी आलेला नाही.

विषयाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १९४२ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये प्रथम नोंदला गेलेला हा रोग भारतात १९८७ मध्ये तमिळनाडूतील अरसूर येथे आढळला. विषाणूच्या चार वंशशाखांपैकी चौथी आशियाची, असे पूर्वी ढोबळमानाने म्हटले जाई; पण २००८ मध्ये मोरोक्कोतील साथीत हीच चौथी शाखा सापडली आणि आज ती आफ्रिकेत दूरवर पसरलेली आहे. गुरांच्या बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. त्याच वाटेने पीपीआर २०३० पर्यंत संपवण्याचे जागतिक उद्दिष्ट आहे. त्यामुळे कोणत्या साथीचा विषाणू कुठून आला, हा आता नियंत्रणाच्या कामातला रोजचा प्रश्न झाला आहे.

नवख्या अभ्यासकाची गाडी याच प्रश्नावर घसरते आणि माझे कामही इथेच बराच काळ अडले होते, म्हणून हा भाग मी मुद्दाम विस्ताराने सांगतो. आपल्याकडे निदानासाठी विषाणूच्या एन या जनुकाच्या शेवटाकडील ३५१ अक्षरांचा (जनुक ज्या रासायनिक घटकांनी लिहिलेले असते ती अक्षरे) तुकडा पीसीआरने, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढून, वाढवण्याची पद्धत रूढ आहे, आणि दोन्ही टोके वगळली की तुलनेसाठी साधारण २५५ अक्षरे उरतात. एवढ्यावरून वंशशाखा ठरवता येते आणि तेवढ्यापुरता हा तुकडा उत्तम आहे. आता वेगाचा हिशेब पाहा. संपूर्ण जनुकसंचांच्या, म्हणजे विषाणूच्या सगळ्या जनुकीय अक्षरांच्या, अभ्यासातून या विषाणूच्या बदलाचा वेग दर स्थानामागे (दर अक्षरामागे) वर्षाला सुमारे ०.०००९ असा काढला गेला आहे. २५५ ला त्याने गुणले तर वर्षाला ०.२३ बदल, म्हणजे सरासरी चार वर्षांत एखादे अक्षर बदलणार. हा भाग मुळातच अधिक बदलणारा म्हणून निवडलेला आहे, तेव्हा वेग दुप्पट धरा. तरीही दोन वर्षांत एकच बदल. याउलट १५,९४८ अक्षरांचा संपूर्ण जनुकसंच घेतला तर वर्षाला चौदाच्या आसपास बदल अपेक्षित असतात, म्हणजे महिन्याला एखादा. एका हंगामातील दोन साथींचा परस्परसंबंध सांगायचा असेल, तर २५५ अक्षरांच्या तुकड्यात तो संबंध दाखवणारी खूणच बहुतेक वेळा नसते.

पुणे परिसरात हा मोह अधिक जोर धरतो, कारण इथे जनावरांची ये-जा डोळ्यांना दिसते. शिरूर, पारनेरकडील धनगरांचे कळप दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याआधी परततात. चाकण आणि यवतच्या बाजारांत ठिकठिकाणच्या शेळ्या-मेंढ्या एकत्र येतात. अशा वेळी शिरूरचा नमुना आणि घाटाखालचा नमुना २५५ अक्षरांत तंतोतंत जुळला की विषाणू कळपाबरोबर घाट उतरला हे वाक्य जवळजवळ आपोआप लिहिले जाते. ते लिहू नका. तोच तुकडा एखाद्या दूरच्या राज्यातील विषाणूशीही तितकाच जुळू शकतो, आणि तशी तुलना केलीच नसेल तर ते सुतावरून स्वर्ग गाठणे ठरते. त्यात दोष मात्र आपल्या नावावर न राहता मेंढपाळाच्या माथी बसतो, आणि त्याच्या कळपाला पुढच्या गावात उतरू दिले जात नाही.

दुसरी खबरदारी लसीची. आपल्याकडे वापरली जाणारी सुंग्री ९६ ही लस चौथ्याच शाखेतील आहे, आणि अलीकडे लस टोचलेल्या जनावराच्या स्वॅबमध्ये लसीच्या विषाणूचे आरएनए मिळू शकते. छोट्या तुकड्यात लसीचा आणि साथीचा विषाणू वेगळा ओळखणे अवघड जाते. म्हणून नमुना घेतानाच ‘मामा, कळपाला लस कधी टोचली?’ हे विचारावे. उत्तर बहुधा ‘आखाडाच्या आधी’ किंवा ‘दसऱ्याच्या मागं-पुढं’ असे येते; ते जसेच्या तसे लिहून तिथेच त्याची इंग्रजी तारीख लावून घ्यावी, प्रयोगशाळेत परतल्यावर ते राहून जाते. लस दिलेल्या कळपात रोग आला म्हणजे विषाणू बदलला, असेही घाईने म्हणू नये. चारही शाखांचा सिरोटाइप, म्हणजे प्रतिकारशक्तीला ओळखू येणारा प्रकार, एकच आहे आणि दुसऱ्या शाखेतील नायजेरिया ७५/१ ही लस चौथ्या शाखेपासूनही संरक्षण देते. लस थंड ठेवणारी शीतसाखळी तुटणे, आईकडून मिळालेले संरक्षण ओसरलेली करडे लसीकरणातून सुटणे, स्थलांतरात कळपच चुकणे, ही कारणे आधी तपासावीत.

एका दमात वंशवृक्ष काढून देणाऱ्या तयार ऑनलाइन सोयींबद्दल माझे मत प्रतिकूल आहे, निदान पहिल्या वर्षापुरते. क्रोमॅटोग्राम, म्हणजे अक्षरे वाचताना यंत्राने काढलेला शिखरांचा आलेख, स्वतः उघडून पाहावा. सुरुवातीची अक्षरे गढूळ असतात, मध्येच एका जागी दोन शिखरे एकमेकांवर चढलेली दिसतात, आणि यंत्राने तिथे ठोकून दिलेले एक अक्षर २५५ मध्ये चार वर्षांच्या उत्क्रांतीएवढे भरते. मार्गदर्शक निवडतानाही हीच कसोटी लावावी. वृक्षाच्या आधी क्रोमॅटोग्राम मागणारे मार्गदर्शक कडक वाटले तरी त्यांच्याकडेच जावे. निबंध किती निघतील हे पहिल्याच भेटीत सांगणाऱ्यांपासून दूर राहावे.

संपूर्ण जनुकसंचाचा खर्च ऐकून खचून जाऊ नका. सगळे नमुने वाचण्याची गरज नसते. तुकड्यांवरून चाळणी करून निवडक नमुन्यांचे पूर्ण वाचन करता येते आणि प्रबंधाला तेवढे पुरते. जुळवलेल्या संचाची लांबी सहाने भागून पाहावी, कारण या विषाणूचा जनुकसंच सहाच्या पटीतच असतो. चीनमधील काही विषाणूंत सहा अक्षरांची भर पडून ती १५,९५४ झाली आहे, तीही सहाच्या पटीतच. भाग गेला नाही तर आधी एम आणि एफ या जनुकांमधला भाग तपासावा. तिथे जी आणि सी या अक्षरांची गर्दी असल्याने वाचन हमखास अडखळते.

वाचलेल्या जनुकीय अक्षरांची क्रमवारी सार्वजनिक संग्रहात ठेवताना नमुना घेतल्याची पूर्ण तारीख, तालुका, शेळी की मेंढी, वय आणि लसीची तारीख एवढे तरी द्यावे. नुसते वर्ष आणि ‘भारत’ एवढेच लिहिलेल्या नोंदी मॉलिक्युलर क्लॉकच्या, म्हणजे बदलांवरून काळ मोजण्याच्या, कामात जवळपास निरुपयोगी ठरतात, आणि संग्रहात अशा नोंदी पुष्कळ आहेत.