आखाजी तोंडावर, टीमला काही सुचत नाही: काय करावं

सराफाची आखाजीची, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेची, जाहिरात चार दिवसांवर आली, आणि स्क्रीनवर तोच कलश, तोच हार, तीच सोनेरी चौकट. अशा वेळी 'जरा डोकं चालवा' म्हटल्यानं डोकी आणखीच थिजतात. कल्पना सहसा आटलेल्या नसतात. नेमकं काय शोधायचंय ते ठरलेलं नसतं आणि बोलायची घाई मात्र झालेली असते.

आधी चिठ्ठ्या

प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्या आणि तीन मिनिटं. जाहिरात कुणासाठी आहे आणि ती पाहून त्यानं काय करायचं, एवढंच लिहायचं. पाच चिठ्ठ्यांतून पाच वेगळी गिऱ्हाइकं निघाली, तर घोडं ब्रीफमध्येच, म्हणजे काय करायचंय हे सांगणाऱ्या सूचनेतच, अडलंय. चिठ्ठ्या जुळल्या तरी काम हलत नसेल, तर माणसं थकलीत किंवा धास्तावलीत. थकली असतील तर महिन्याच्या कॅलेंडरमधून शुभेच्छांच्या चार-दोन पोस्ट काढून टाका; त्यांनी कुणाचं दुकान चालत नाही. धास्ती बहुधा कारण न देता नाकारलेल्या ऑप्शनांमुळे बसते. क्लायंटकडून नकाराचं कारण एका ओळीत लिहूनच मागा.

ब्रीफ एका वाक्यात

'आखाजीला ब्रँड जाणवला पाहिजे' हे ब्रीफ नव्हे. 'लेकीला आखाजीला माहेरी बोलावणाऱ्या आईनं या आठवड्यात दुकानात येऊन एक ग्रॅमचं नाणं घ्यावं' हे ब्रीफ. यात माणूस, प्रसंग, वस्तू आणि मुदत आहे. चारांतलं एक जरी गाळलं, तरी कलश परत येतो.

तासभर बाहेर

मोबाइलवर इतरांच्या जाहिराती पाहत बसलात की त्याच बाहेर पडतात. त्यापेक्षा दोघादोघांना पाठवा: जळगावात सराफ बाजार, धुळ्यात आग्रा रोड. प्रत्येकानं कानावर पडलेली दहा वाक्यं जशीच्या तशी लिहून आणायची; 'लोक भाव विचारतात' असा सारांश नको. उन्हाळ्यात हे काम सकाळी अकराच्या आत उरका. पारा चव्वेचाळीसला टेकल्यावर दुपारी रस्त्यावर ऐकायला कुणी नसतं.

याच फेरीत सणाचे विसरलेले पदर हाती लागतात. आखाजी म्हणजे झोके, गाणी, माहेरवाशिणी. आणि सालदाराचं, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, सालही आखाजीलाच संपतं, नवं ठरतं. वर्षाचा हिशेब होण्याचा हा दिवस जाहिरातींत क्वचितच दिसतो.

बोलू नका, लिहा

सगळ्यांनी मिळून मोठ्यानं कल्पना मांडायची पद्धत अमेरिकन जाहिरातदार अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी रूढ केली. पण १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या येल विद्यापीठातल्या प्रयोगात चौघांच्या गटापेक्षा एकेकट्यानं काम केलेल्या चौघांच्या एकत्रित कल्पना जवळजवळ दुप्पट भरल्या. एक बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता स्वतःचं विसरतात. त्यात एजन्सीचा मालक पहिला बोलला तर संपलंच.

म्हणून ६-३-५ ही पद्धत घ्या. जर्मनीच्या बेर्न्ड रोरबाख यांनी ती १९६८ मध्ये मांडली. सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं. कागदावर तीन रकाने आणि सहा ओळी आखा, वर ब्रीफचं वाक्य लिहा. पहिली ओळ भरली की कागद उजवीकडे सरकवा. पुढच्यानं वरचं वाचून ते वाढवायचं किंवा वाकवायचं. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, १०८ चौकटी भरतात. चौघेच असाल तर चार ओळींचा कागद आणि चार फेऱ्या: ४८.

बिघडतं ते असं. 'कॉमेडी रील' असे दोन शब्द लिहून लोक मोकळे होतात. कोण काय करतं हे क्रियापदासह लिहायला सांगा. चौथ्या फेरीपासून वाचायलाच वेळ जातो, तिथे पाचाची सात मिनिटं करा. अक्षर लागत नसेल तर पुढचा नवंच काहीतरी लिहितो आणि धागा तुटतो. डिझायनरनं चित्र काढलं तर चालेल, उलट बरंच. फोन टेबलावर नकोत, मालकाचाही.

निवड दुसऱ्या दिवशी

त्याच बैठकीत निवडायला गेलात तर सगळ्यांना ओळखीचंच आवडतं. रात्र जाऊ द्या. सकाळी प्रत्येकाला आवडत्या कल्पनांवर लावायला तीन टिकल्या, मालकानं शेवटी लावायच्या. क्लायंटकडे दोनच कल्पना न्या, एक बेताची आणि एक धाडसाची. पाच नेल्या तर तो पाचांची खिचडी मागतो.

बोलीतली ओळ असेल तर आणखी एक पायरी. 'आहे'च्या जागी 'शे' घातलं म्हणून अहिराणी होत नाही. रावेर-यावलकडे लेवा बोली चालते, साक्रीकडे अहिराणी. एकच होर्डिंग दोन्हीकडे लावलं तर एकीकडे परकं वाटतं. त्या गावचा माणूस ओळ मोठ्यानं न अडखळता वाचतो का, ते पाहा. तो अडखळला तर व्याकरणावर वाद न घालता ओळ त्यालाच सांगू द्या.

उरलेले कागद तारीख घालून फाइलला लावा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातली कानबाई देवी बसते, रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, बाहेरगावची भाऊबंदकी गावी येते. माहेरवाशिणीसाठी लिहिलेलं, पण आखाजीला न बसलेलं बरंच काही तिथे थोड्या फरकानं बसतं.