केमोत तोंड कोरडं पडतंय? या चुका टाळा

स्तनाच्या कर्करोगाची केमो सुरू असली की ओपीडीत बोलणं होतं ते उलट्या, केस आणि रक्तातल्या पेशी यांवर. तोंडाचा विषय निघालाच तर ‘पाणी पीत जा’ म्हणून मिटतो. पण हा कोरडेपणा म्हणजे साधी तहान नव्हे. लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड आणि पुढे येणारी पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल ही औषधं चालू असताना लाळ कमी होते, जी असते तीही चिकट वाटते. बहुतेकींना शेवटच्या डोसनंतर काही आठवड्यांत ते सुधारतं. तोवर तोंड सांभाळायचं आहे, आणि तिथेच गडबड होते.

तांब्याभर पाणी एकदम प्यायलं की पोट डबडबतं, मळमळ वाढते आणि तोंड थोड्या वेळात पुन्हा कोरडं. घोट घोट पाणी घ्या, गिळण्याआधी तोंडात फिरवा. रात्री उशाशी बाटली ठेवा. तोंड उघडं टाकून झोपायची सवय असेल तर सकाळी जीभ टाळूला चिकटतेच.

लिंबू, आवळा सुपारी, लेमन गोळ्या

आंबटानं लाळ सुटते हे खरं. पण आंबटपणा धुऊन काढायचं कामही लाळच करते. ती पुरेशी नसली की आम्ल दातांवर राहतं, आणि तोंड आलेलं असेल तर आग होते ती वेगळीच. खडीसाखर, गोळ्या दिवसभर चघळल्या तर दात किडतात. चघळायचंच असेल तर झायलिटॉल असलेलं शुगर-फ्री च्युइंगगम बरं.

मिश्री

ही चूक बोललीच जात नाही. डॉक्टर विचारतात, ‘तंबाखू खाता का?’ उत्तर येतं, ‘नाही’. कारण मिश्री ही अनेक घरांत दात घासायची वस्तू आहे, व्यसन नव्हे! पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. कोरड्या, सोललेल्या हिरड्यांवर ती रोज घासणं म्हणजे जखमेवर तंबाखू चोळणं. सासूबाईंसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर नर्सला एकटीला गाठून सांगा, पण सांगा. दात घासायला अगदी मऊ ब्रश आणि फ्लोराइडची साधी पेस्ट पुरते.

अल्कोहोल असलेला माउथवॉशही नको, त्यानं तोंड आणखी सुकतं. तुरटीनंही तोंड आवळतं. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दर तीन-चार तासांनी गुळण्या करा. सोडा खाण्याचाच हवा, धुण्याचा नव्हे. आणि ‘जास्त घातला की लवकर गुण’ असं काही नसतं.

जेवणात कोरडी भाकरी आणि ठेचा काही दिवस बाजूला. भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून घ्या. मऊ भात, मुगाची खिचडी, वरण सहज उतरतं. पेशी कमी असताना गाड्यावरचा उसाचा रस आणि बर्फ टाळा.

सगळं केमोच्या माथी मारणं

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही चूक. उलटीसाठी किंवा झोपेसाठी दिलेलं ओलान्झापिन, हातापायांतल्या मुंग्या-जळजळीसाठीचं अमिट्रिप्टिलिन, ॲलर्जी होऊ नये म्हणून डोसआधी दिलेलं फेनिरामाइन, यांतल्या प्रत्येकानं तोंड कोरडं पडू शकतं. गोळी स्वतःहून बंद करू नका. पाकिटं डॉक्टरांना दाखवा, बदल किंवा मात्रा ते ठरवतील.

दुसरं कारण साखर. केमोसोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं जातं, त्यानं रक्तातली साखर चढते. मधुमेह आधीपासून असेल तर जास्तच, पण नसला तरी चढू शकते. तोंड कोरडं, तहान भागत नाही आणि लघवीला वारंवार जावं लागतं, असं एकत्र दिसलं तर साखर त्याच दिवशी तपासून घ्या. अशा वेळी अशक्तपणा वाटतो म्हणून ग्लुकोजचं पाणी किंवा फळांचे रस पाजणं म्हणजे आगीत तेल.

पांढऱ्या थराकडे दुर्लक्ष

जिभेवर, गालाच्या आत पांढरे चट्टे, पुसले की खाली लाल, चव गेलेली, जळजळ: ही बुरशी असू शकते. लाळ कमी झाली की तिला मोकळं रान मिळतं. जीभ खरवडून ती जात नाही, औषध लागतं. कवळी असेल तर रात्री काढून ठेवा. तोंडात जखमा, पाणीही गिळवेना किंवा ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात फोन करा.

आणि दात दुखला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन परस्पर काढून घेऊ नका. पेशी कमी असतील तर संसर्ग आणि रक्तस्राव होऊ शकतो. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन चालू असेल तर दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरून येण्याचा धोका असतो. दंतवैद्याला इंजेक्शनचं नाव सांगा आणि आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारा.