टॅबवर नमपाय बसत नसेल तर

नमपाय ही पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी. अँड्रॉइड टॅबवर टर्मक्स या कमांड टाइप करायच्या ॲपमध्ये ‘पिप इन्स्टॉल नमपाय’ (पिप म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) दिलं की टॅब तापतो, बॅटरी उतरते आणि अर्ध्या तासाने लाल अक्षरांत एरर. चूक तुमची नाही. लिनक्ससाठीची तयार पॅकेजेस सहसा ग्लिबसी या सी लायब्ररीवर बेतलेली असतात. अँड्रॉइडची सी लायब्ररी वेगळी, बायोनिक. मग पिप सगळं मुळापासून कंपाइल करायला, म्हणजे मूळ कोडपासून टॅबवरच तयार करायला बसतं.

त्याऐवजी टर्मक्सची स्वतःची पीकेजी कमांड वापरा: आधी ‘पीकेजी अपडेट’, मग ‘पीकेजी इन्स्टॉल पायथन-नमपाय’ टाइप करा. मधला हायफन विसरू नका. टर्मक्ससाठी आधीच तयार करून ठेवलेलं पॅकेज उतरतं. चित्रांवर काम करणाऱ्या पिलो लायब्ररीचंही तसंच. वेबवरून माहिती आणणाऱ्या रिक्वेस्ट्ससारख्या निव्वळ पायथनमधल्या लायब्रऱ्यांना मात्र पिप चालतं. कमांड टाइप करायचा कंटाळा असेल तर पायड्रॉइड ३ हे पायथनचं ॲप घ्या, पण त्याचा तयार पॅकेजेस देणारा रिपॉझिटरी प्लगइन वेगळा टाकावा लागतो.